प्लेगची झडती आणि पुण्याचे माजघर

सन 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा जो कायदा संमत केला, तो अवघ्या चार कलमांचा असूनही त्याने अंमलदारांच्या हाती उंबरठ्यापासून देवघरापर्यंतचा सारा मुलूख देऊन टाकला. पुण्यात त्याची अंमलबजावणी वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या कमिटीकडे आली, व 13 मार्च 1897 पासून गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या पेठापेठांतून झडतीस निघाल्या.

हे दिवस फाल्गुन-चैत्राचे होते, याची नोंद इतिहासकार सहसा घेत नाहीत. परंतु घर चालविणाऱ्या बाईच्या दृष्टीने मुख्य बाब तीच. वर्षाची बेगमी करण्याचा हा हंगाम : धान्याला ऊन द्यायचे, निवडून-पाखडून त्यात कडुलिंबाचा पाला घालायचा व ते कणग्यांत भरायचे, पापड, कुरडया, सांडगे वाळवायचे, गोधड्या धुऊन काढायच्या. अशा वेळी बुटांसह माणसे थेट चुलीपाशी यावीत, सामान चौकात फेकले जावे, संशयित घरातील अंथरूण-पांघरूण जाळले जावे, जमीन उकरून औषधी पाणी शिंपडले जावे, भिंतींना चुना फासला जावा, आणि रोगी इस्पितळात व त्याचे आप्त विलगीकरणाच्या छावणीत रवाना होऊन मागे चूल थंड पडावी, याला दफ्तरी भाषेत ‘निर्जंतुकीकरण’ म्हणत असले तरी घरच्यांच्या लेखी ती लूटच होती. रोज झाडलोट करून शेणाने सारवलेली जमीन उकरताना त्या घराच्या स्वच्छतेची उस्तवार कोण करते, हे विचारावे, असे कोणाला वाटले नाही.

अर्थात सोवळे म्हणजे आरोग्यशास्त्र नव्हे, आणि त्या काळी झालेला प्रत्येक आरोप खराही नव्हता. स्त्रियांवरील अत्याचाराचे जे आरोप गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत केले, ते सिद्ध करता न आल्यामुळे त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पण रोगाच्या प्रतिबंधाची निकड मान्य करूनही लष्कराची निवड चुकीचीच ठरते. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत 1898 साली दाखविले. म्हणजे झडती चालू असताना चूल, देव्हारा नि गोधड्या उलथ्यापालथ्या झाल्या, तरी रोग नेमका कसा पसरतो, याचा पत्ता लागलेला नव्हता. उंदीर पटापट मरून पडू लागले की घर सोडावे व माळावर झोपड्या घालून तीन दगडांच्या चुलीवर संसार मांडावा, ही रीत महाराष्ट्रात गावोगाव पुढे रूढ झाली. ती बव्हंशी अनुभवातून आलेली होती, आणि सक्तीच्या झडतीपेक्षा किती तरी शहाणपणाची होती.

पुण्यातील झडती 19 मे रोजी थांबली. 22 जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्यानंतरचे खटले, फाशी व टिळकांचा कारावास सर्वांना ठाऊक आहेत. चापेकरांच्या नावाने स्मारके उभी राहिली, हेही योग्यच. मात्र त्या चैत्रात ज्यांची वर्षाची बेगमी चौकात विखुरली गेली, त्या बायांच्या हिश्शाला या इतिहासात एखादे वाक्यही क्वचितच येते.

कायदा मात्र टिकला. त्याच्या चौथ्या कलमान्वये, या कायद्याखाली सद्भावाने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालत नाही. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनासाठी हाच कायदा लागू केला, तेव्हाही ते कलम त्यात कायम होते.