आयाळीची वेणी

लेक शाळेत होती तेव्हा रोज सकाळी आमच्या घरात एकच भांडण. ती म्हणायची, "आई, घट्ट नको गं, दुखतंय." मी म्हणायची, "सैल घातली की दुपारपर्यंत सुटते, गप बस." दोन वेण्या, वर रिबिनीची फुलं. तिचं दुखणं मोठं की माझी वेणी चारचौघीत छान दिसणं मोठं, असं तेव्हा कुणी विचारलं नाही म्हणून बरं. हे सगळं परत आठवलं ते एका घोड्यामुळे.

पुतण्याच्या लग्नात वरातीला पांढरा घोडा आणला होता. आयाळीच्या बारीक बारीक वेण्या, प्रत्येकीच्या टोकाला जरीचा गोंडा. आम्ही बायकांनी तर फोटोच फोटो काढले. घोडा सारखी मान झटकत होता, मंडपाच्या खांबाला घासत होता. बँडला बुजत असेल, असं सगळेच म्हणाले. मी ओवाळायला जवळ गेले तेव्हा दिसलं. वेण्या इतक्या ओढून घातल्या होत्या की मुळाशी कातडी लाल झाली होती, एका ठिकाणी सोलली होती आणि तिथं माश्या बसत होत्या. मी ओवाळलं आणि मागे झाले. काही बोलले नाही. मुंगी पायाखाली येईल म्हणून खाली बघून चालायला शिकवलेल्या घरातली मी, त्या दिवशी गप्प राहिले.

त्यानंतर मिळेल ते वाचत गेले. घोड्याची वेणी घालायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, हे एक नाव घेऊन सांगता येत नाही. पण जुने दाखले वाचताना जीव थोडा दचकला.

आपल्या देशातला एक फार जुना दाखला शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात आहे, अश्वमेधाच्या वर्णनात. तिथं घोडा सजवायचं काम मोतद्दाराचं नाही, राण्यांचं आहे. महिषी म्हणजे पट्टराणी, वावाता म्हणजे आवडती आणि परिवृक्ती म्हणजे नावडती. एकीने घोड्याच्या पुढच्या भागाला तूप माखायचं, दुसरीने मधल्या, तिसरीने मागच्या. मग आयाळीत आणि शेपटीत मणी ओवायचे. कारणही तिथंच दिलंय: ओले झालेले केस गळतात, आणि अर्पण करायच्या पशूचं काही सांडू नये, म्हणून मण्यांनी केस धरून ठेवायचे. आवडती आणि नावडती, दोघींची बोटं एकाच घोड्याच्या केसांत. वर्षभर मोकळा फिरून आलेला तो घोडा सजवून झाला की त्याचा बळी जायचा. त्या राण्यांना काय वाटत असेल, हे ग्रंथात लिहिलेलं नाही. मला मात्र हातात आरतीचं ताट घेतलेली मीच दिसले.

दुसरा दाखला लांबचा. सायबेरियाच्या दक्षिणेला अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाची जागा आहे. १९२९ मध्ये आणि पुढे १९४७ ते १९४९ या काळात तिथली थडगी उकरली गेली. सर्गेई रुदेन्को हे त्या कामातलं मोठं नाव. थडग्यांत पाणी शिरून गोठलं होतं, त्यामुळे सुमारे २,३०० वर्षांपूर्वीचे घोडे केसांसकट टिकून राहिले. आयाळ कातरलेली, वर नमद्याचं आच्छादन, शेपटीची वेणी. एवढ्या निगुतीनं नटवलेले हे घोडे धन्याबरोबर पुरण्यासाठी डोक्यात कुऱ्हाड घालून मारले होते.

म्हणजे नटवणं आणि जपणं ही एकच गोष्ट नव्हे. आपण बायका तरी हे पटकन ओळखू. नटवून बोहल्यावर उभं केलं म्हणजे पुढं जपलंच जातं असं थोडंच आहे?

पण जपणारेही तितकेच जुने आहेत. इ.स.पूर्व चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोड्याविषयी पुस्तक लिहिलं. तो सांगतो, डोकं हाडाचं असतं, तिथं लोखंडाचं किंवा लाकडाचं काही घासू नका, दुखेल; नुसत्या पाण्यानं धुवा. कपाळावरची झुलपंही पाण्यानंच धुवा. गाढवाला देवांनी मोठे कान दिले, घोड्याला त्याऐवजी हे केस दिले, डोळ्यांचं रक्षण व्हावं म्हणून. लढाईतला माणूस, पण केस कुणाच्या उपयोगाचे हे विसरला नाही.

चीनमध्ये तांग घराण्याच्या ताईत्सुंग बादशहानं सातव्या शतकात आपल्या समाधीसाठी सहा लढाऊ घोड्यांची शिल्पं कोरवून घेतली. आयाळीचे कातरून तीन झुबके केलेले, तो तिथला थाट. त्यातल्या एका शिल्पात घोड्याच्या छातीत बाण रुतलाय आणि समोर उभा असलेला सरदार तो ओढून काढतोय. घोडा मान खाली घालून त्याच्याजवळ उभा आहे. थाट आणि माया एकाच दगडावर. आज ते शिल्प अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे.

आणि आपल्याच भागातलं बघा की. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, माउलींच्या पालखीसाठी दरवर्षी अश्व आळंदीला पायी जातात. त्यातल्या एकावर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात तो धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आमच्या देवळात संभवनाथांच्या मूर्तीखाली लांछन म्हणून घोडाच आहे, खोगीर नाही, लगाम नाही. घोड्याला मान द्यायला त्याच्यावर बसावं लागत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे मामा आहेत, सगळं आयुष्य घोड्यांच्या खराऱ्यात गेलं. त्यांना मी वरातीचं सांगितलं. ते म्हणाले, "अक्का, आयाळ त्येची हाय. माश्या हाकलायला, पाऊस निथळायला. आधी बोटानं गुंता काढायचा, टोकाकडनं वर वर यायचं. ओढायचं न्हाई. वेणी घातली तर सैल घालायची, आन् काम झालं की लगेच सोडायची. चार दिस तशीच ठेवली की मुळातनं तुटत्यात. घोडं खांबाला मान घासाय लागलं की समजायचं, डोकं दुखतंय त्येचं."

डोकं दुखतंय. माझी लेक हेच सांगायची.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात व्याह्यांनी घोडा आणला. मी ताट खाली ठेवलं आणि आधी आयाळीतून हात फिरवला. पुढच्या चार वेण्या फार घट्ट होत्या. घोडेवाल्याला म्हटलं, "दादा, एवढ्या सोडा की." तो म्हणाला, "फोटोत बरं दिसायचं नाही, ताई." मी म्हटलं, "नाही दिसलं तर नाही." त्यानं सोडल्या. घोड्यानं एकदा मान झाडली आणि शांत उभा राहिला. मग मी ओवाळलं.

तुमच्या दारात वरात येईल तेव्हा एवढं करा. मान घासतोय का बघा, मुळाशी हात लावून बघा. बोलायची लाज वाटेल, मलाही वाटली. न बोलल्याची लाज मात्र जास्त दिवस राहते.