हत्यारांची फळी : शेतावरच्या गोदामात हातअवजारे ठेवण्याची घरगुती सोय

वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील जऊळका परिसरात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा व गहू ही प्रमुख पिके घेतली जातात. पावसाने चार दिवस उघडीप दिली की निंदण, डवरणी आणि फवारणी एकदमच अंगावर येते. मजूर धुऱ्यावर थांबलेले आणि तुम्ही गोदामात पोत्यांमागे विळे शोधत असाल, तर मजुरी वाया जाते आणि वाफसाही हातचा जातो. घरातले जुने सामान वापरून एका दिवसात बांधता येणारी हत्यारांची फळी हा त्यावर सोपा उपाय आहे. अवजार जमिनीपासून वर, कोरडे आणि नजरेसमोर राहावे, हा या फळीचा उद्देश आहे.

अवजारे कशाने खराब होतात?

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाला गंज लवकर चढतो. पावसाळ्यात बहुतेक दिवस आर्द्रता याहून जास्तच असते. पात्याला चिकटलेली काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे न धुतलेले पावडे आधी गंजते. रासायनिक खताचा चुरा हवेतील ओल ओढतो. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडमुळे गंज आणखी वेगाने वाढतो. म्हणून खताच्या थप्पीशेजारी अवजारे ठेवू नयेत. जमिनीवर पडलेल्या दांड्यांना उधई लागते, ती वेगळीच.

जागेची निवड

- पावसाचा मारा बहुधा पश्चिम बाजूने येतो. त्या बाजूची भिंत ओल धरत असेल तर फळी दुसऱ्या भिंतीशी ठेवावी.
- टिनपत्र्याच्या छतातून जेथे पाणी ठिबकते, ती जागा टाळावी.
- काळ्या जमिनीवरील भिंतींना उन्हाळ्यात तडे जातात, कारण ही माती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसते. तडे गेलेल्या भिंतीत खिळे ठोकून वजन टांगू नये. अशा ठिकाणी स्वतःच्या पायावर उभा राहणारा सांगाडा करावा.
- फळी दाराजवळ, उजेडात असावी.

लागणारे साहित्य

- १८ मिमी जाडीच्या प्लायवूडचा ४ फूट × ४ फूट तुकडा. ८ × ४ फुटांचा पूर्ण पत्रा अर्धा कापला की दोन फळ्या होतात. जुन्या दाराची फळीही चालते.
- ६ फूट उंचीचे दोन उभे खांब. २ × ३ इंची लाकूड किंवा ४० मिमी लोखंडी अँगल घ्यावा.
- आडव्या पट्ट्या, तिरके टेके, ४ इंची खिळे, ८ मिमी सळईचे तुकडे.
- जुन्या ठिबकची १६ मिमी लॅटरल, ४ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, झाकणाचे प्लास्टिकचे डबे.

बांधणीची पद्धत

१. प्रत्येक खांबाखाली २ फूट लांबीचा आडवा पाय लावावा आणि दोन्ही बाजूंनी तिरके टेके द्यावेत. वजन पुढे आले तरी सांगाडा कलंडणार नाही. वरचे टोक छताच्या बल्लीला तारेने बांधावे.

२. पाय सरळ मातीवर न ठेवता सपाट दगडावर किंवा विटेवर ठेवावेत. लाकडाच्या खालच्या टोकाला डांबर लावल्यास उधईपासून संरक्षण मिळते.

३. प्लायवूड जमिनीपासून २ फूट वर बसवावे. मागे भिंतीपर्यंत निदान २ इंच मोकळी जागा ठेवावी. हवा खेळती राहिली की ओल साचत नाही आणि मागे उंदीर घर करत नाहीत.

४. खिळे व सळईच्या खुंट्या सरळ न ठोकता टोक थोडे वर ठेवून बसवाव्यात. खुंटीला लटकवलेले अवजार मग घसरत नाही. दांड्यासाठी दोन खुंट्यांमध्ये साधारण २ इंच अंतर पुरते. आधी तुमचा दांडा मोजून घ्यावा.

५. ठोकण्यापूर्वी सर्व अवजारे फळीवर आडवी मांडून जागा ठरवाव्यात. मग प्रत्येकाची बाह्यरेषा रंगाने काढावी. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की कोणते अवजार शेतात राहिले ते मोजल्याशिवाय कळते.

कोणते अवजार कुठे ठेवावे?

जड अवजारे : कुदळ, टिकाव, पावडे ही डोक्याच्या उंचीवर टांगू नयेत. खाली ४ इंच उंच फळीवर त्यांचे लोखंड टेकवून दांडे वरच्या आडव्या पट्टीतील खाचांत अडकवावेत. सब्बलीसाठी १ फूट लांबीचा पीव्हीसी पाइप पायाशी बांधावा. पाइपचे तोंड खालूनही उघडे ठेवावे, म्हणजे माती व पाणी निथळून जाते.

विळे व खुरपी : जास्त वापराची अवजारे कमर ते खांद्याच्या उंचीवर ठेवावीत. लहान मुले गोदामात येत असतील तर विळे ५ फुटांच्या वर, धार भिंतीकडे करून अडकवावेत. लॅटरलचा तुकडा लांबीने चिरून धारेवर चढवला की दातेरी विळ्यालाही चांगले आवरण मिळते. कुऱ्हाडीसाठी जुन्या ट्यूबचा तुकडा बांधावा.

पाने व सुटे भाग : १०-११, १२-१३, १४-१५ असे पाने क्रमाने अडकवून खाली आकडे लिहावेत. डवऱ्याचे व पेरणी यंत्राचे नट-बोल्ट झाकणाच्या डब्यांत ठेवून डब्यावर माप लिहावे. फवारणी पंपाचे वॉशर व नोझल वेगळ्या डब्यात ठेवावेत.

कीटकनाशके या फळीवर मुळीच ठेवू नयेत. त्यांना कुलूपबंद वेगळी जागा हवी.

देखभाल

काम संपल्यावर माती खरवडून काढावी, पाते धुऊन कोरडे पुसावे आणि तेलाचा हात फिरवून मगच अडकवावे. बाभळीच्या दांड्यांना वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळल्यास ते तडकत नाहीत. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि अशा चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते तेव्हा ती धुऊन पुसली जातातच. त्याच दिवशी सैल दांडे, बोथट धारा व हरवलेल्या वस्तूंची यादी करावी. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असते ती याच सुमारास.

फळीमुळे टळणारा धोका

पोत्यांच्या आड, जमिनीवर ढीग घालून ठेवलेल्या अवजारांखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. नाग, मण्यार आणि घोणस हे विषारी साप आपल्याकडे आहेत. अंधारात ढिगात हात घालणे हाच खरा धोका आहे. अवजार उंच व समोर असले की हात घालायची वेळच येत नाही. तरीही सर्पदंश झाल्यास जखम चिरू नये, चोखू नये आणि आवळून बांधू नये. दंश झालेला भाग हलू न देता रुग्णाला तातडीने शासकीय रुग्णालयात न्यावे. गंजलेल्या पात्याने कापल्यास जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

मे महिन्यात, मृग नक्षत्राआधी, शेतीशाळेत एका शेतकऱ्याच्या गोदामात प्रत्यक्ष फळी बांधून दाखवावी. कागदावरचे चित्र दाखवण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. स्वतःचे विळे आणणाऱ्या मजुरांनाही सहभागी करावे. त्यांच्या विळ्यांच्या मुठीला वेगळ्या रंगाची खूण केल्यास संध्याकाळी अदलाबदल होत नाही. करडा येथील कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणांत अवजारांची निगा हा विषय घेण्याबाबत सुचवता येईल.