घरात नेट आलं, कुलूप मागनं आलं

मंडळी, आज चौथ्या रेल्वे गेटजवळच्या कुठल्याही घरात पाव्हणा आला की चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. त्या पासवर्डलाही इतिहास आहे. पोरांना तो ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. आपल्या अनगोळात ते पुढं टेलिफोनच्या वायरीवरनं आलं. मोडेम कुंई-कुंई करायचा, तोवर फोन एंगेज. काम झालं की कनेक्शन तोडायचं, बिल वाढतंय म्हणून. कुलूप लावायची गरजच नव्हती.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं ब्रॉडबँड सुरू केलं आणि हळूहळू नेट दिवसभर चालू राहायला लागलं. मग वायफाय आलं. जोडणारा पोरगा यायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायचा, नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, आणि पाच मिनिटांत गाडीला किक मारून निघून जायचा. वायफायचा पासवर्ड आम्ही कालनिर्णयच्या मागं लिहून ठेवला. आईनं तो खालच्या बिऱ्हाडाला दिला, तिथनं तो गल्लीभर झाला. नाही म्हणायचं कसं? शेजारधर्म आहे की.

पण २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं, ते वापरून मेल दुसऱ्यानंच पाठवला होता. पत्ता मात्र ह्याचा निघाला. म्हणजे गल्लीत कोण काय करतंय त्याचा जाब आधी आपल्याला!

दुसरा धडा जुलै २०१७ चा, आपल्याच कर्नाटकातला. बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका व्हायरसनं बंद पाडले. ज्यांचा ॲडमिन पासवर्ड कंपनीतनं आला तसाच होता, ते सापडले. त्या व्हायरसला आपल्या गल्लीत यावं लागलं नाही, तो नेटवरनंच आत शिरला.

तेव्हा कळलं, कुलपं दोन असतात. वायफायचा पासवर्ड म्हणजे अंगणाचं फाटक. राउटरचा ॲडमिन पासवर्ड म्हणजे तिजोरी. फाटकाची चावी आपण सगळ्यांना वाटली आणि तिजोरीला कुलूप आहे हेच माहीत नव्हतं.

मी वायफायचा पासवर्ड बदलला तेव्हा खालच्या काकू म्हणाल्या, “काय रे, आमाला परकं केलास व्हय?” लई लागलं ते. मग राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय चालू केलं, त्याचा पासवर्ड त्यांना दिला. जाब आपलाच, पण घरातला कॉम्प्युटर नि प्रिंटर तरी वेगळे राहिले. काकूही खूश.

तेव्हा मंडळी, आज राउटर उघडून तीन गोष्टी बघा: ॲडमिन पासवर्ड बदललाय का, सिक्युरिटीत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ आहे का, सॉफ्टवेअर अपडेट आलंय का. जमत नसेल तर घरातल्या पोराला बसवा. शेजारधर्म पाळायचाच, पण तिजोरी उघडी ठेवून नको.