एका दात्री मोटारीची हकीकत

मूळ वस्तु दुर्मिळ झाली म्हणजे तिच्या नकला निघूं लागतात, हा जगाचा जुनाच नियम आहे. नाण्यांच्या, चित्रांच्या आणि हस्तलिखितांच्या नकलांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु अमेरिकेंत नकलेचा एक नवाच प्रकार रूढ झालेला असून त्याची हकीकत इतिहासाच्या अभ्यासकास विशेष बोधप्रद वाटेल. चित्रपटांत गाजलेल्या मोटारीची हुबेहूब प्रतिकृति घडविणें, हा तो प्रकार होय. नाण्याच्या नकलेस नवा धातु चालतो. चित्राची नक्कल नव्या कापडावर होते. मोटारीचें तसें नाहीं. तिची नक्कल करावयाची तर बहुधा त्याच घराण्यांतील व त्याच काळांतील दुसरी एक खरी मोटार घ्यावी लागते, आणि ती कापून, ठोकून, रंगवून तिला पहिलीचें रूप द्यावें लागतें. अशा गाडीस या धंद्यांतील लोक 'डोनर' म्हणतात. आपण तिला 'दात्री' म्हणूं. नांव मोठें उदार आहे. पण दान देण्याची तिची इच्छा आहे कीं नाहीं, हें दात्रीला कोणी विचारीत नसतें.

या हौसेचें एक ठळक उदाहरण घेऊं. सन २००० मध्यें 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' हा हॉलिवूडचा चित्रपट निघाला. मोटारी चोरणाऱ्या एका टोळीची ती कथा. तींतील 'एलिनॉर' या सांकेतिक नांवाची करड्या रंगाची गाडी प्रेक्षकांच्या मनांत भरली. कथेप्रमाणें ती १९६७ सालची शेल्बी जी. टी. ५०० होती. परंतु खऱ्या शेल्बी त्या सालीं दोन हजारांहून थोड्याच अधिक निघाल्या होत्या. तेव्हां चित्रपटकारांनीं फोर्डच्या साध्या मस्टँग गाड्या घेऊन त्यांनाच एलिनॉरचा वेष चढविला. याच नांवाचा एक चित्रपट १९७४ सालीं निघाला होता. त्यांतली पहिली एलिनॉर हीहि १९७१ ची मस्टँग असून तिला १९७३ च्या गाडीचें सोंग दिलेलें होतें. तात्पर्य, जिची नक्कल करावयास पुढें अनेक हौशी लोक सरसावले, ती स्वतःच मूळची बहुरूपी होती.

आतां या हौशी मंडळींनीं दात्री निवडावी कशी? त्यांच्यापुढें तीन प्रश्न असतात. पहिला आकाराचा. मस्टँग तीन आकारांत मिळे: साध्या टपाची, उघडझांक करतां येणाऱ्या कापडी टपाची, आणि जिचें टप मागें सरळ उतरत जातें ती 'फास्टबॅक'. एलिनॉर या तिसऱ्या जातीची. १९६७ सालीं सुमारें ४ लाख ७२ हजार मस्टँग तयार झाल्या, त्यांत फास्टबॅक अवघ्या ७१ हजार. पुढील सालीं ३ लाख १७ हजारांत सुमारें ४२ हजार. दुसरा प्रश्न सालाचा. १९६७ आणि १९६८ च्या गाड्या बहिणीबहिणी दिसतात. परंतु १९६८ च्या गाडीच्या दोन्ही अंगांस कायद्यानें आवश्यक झालेल्या खुणा आहेत, व बाजूची नक्षीहि निराळी आहे. या गोष्टी पत्रा भरून झांकतां येतात, म्हणून १९६८ ची गाडीहि चालवून घेतात. तिसरा प्रश्न गंजाचा. मस्टँगला खालीं स्वतंत्र चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडाच सर्व भार वाहतो. तो तळाशीं कुजला, तर पुढील सर्व खर्च पाण्यांत गेला म्हणून समजावें.

इंजिन मात्र असलें काय आणि नसलें काय, सारखेंच. कारण तें बहुधा नवेंच घालावयाचें असतें. त्यामुळें इंजिन गेलेला, रंग उडालेला, मालकी हरवलेला रिकामा सांगाडा अशा गिऱ्हाइकास अधिकच सोयीचा पडतो. तो स्वस्त मिळतो, आणि त्यावर करवत चालवितांना मनाला टोंचणी लागत नाहीं. निनांवी वस्तूविषयीं कोणास शोक होत नसतो.

असाच एक निनांवी सांगाडा मेक्सिको देशांतील बाहा कॅलिफोर्निया या भागांत पडून होता. एका गृहस्थानें तो दुसऱ्या एका मस्टँगच्या सांगाड्यासह विकत घेतला. हेतु हाच, कीं त्यापासून एलिनॉर घडवावी. आकार योग्य होता, सालहि चालण्यासारखें होतें. काम पुढें जाण्यापूर्वीं गाडीचा क्रमांक तपासण्यांत आला. तो होता ८ आर ०२ एस १२५५५९.

असा क्रमांक एखाद्या ताम्रपटासारखा वाचावा लागतो. आरंभींचा ८ म्हणजे साल १९६८. 'आर' म्हणजे कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील कारखाना. ०२ हा फास्टबॅक आकाराचा अंक, आणि 'एस' ही ३९० घन इंचांच्या इंजिनाची खूण. शेवटचे सहा आंकडे त्या कारखान्यांतील अनुक्रम दाखवितात. एवढ्यावरून गाडीचें कूळ कळलें. परंतु या अनुक्रमांकाला आणखी एक इतिहास होता.

१९६८ सालीं पीटर येट्स यांनीं दिग्दर्शित केलेला 'बुलिट' हा चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यांत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या चढउतारांच्या रस्त्यांवरून स्टीव्ह मॅक्वीन हा नट हिरव्या मस्टँगमधून जो पाठलाग करतो, तो सुमारें अकरा मिनिटांचा प्रसंग चित्रपटांतील मोटार-पाठलागांचा आदर्श मानला जातो. त्यासाठीं चित्रपट कंपनीनें लागोपाठच्या क्रमांकांच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. एकीचा क्रमांक ५५८ या आंकड्यांनीं संपतो, दुसरीचा ५५९ नें. टेकडीवरून उडी घेऊन आपटण्याचें कष्टाचें काम मुख्यतः या दुसरीच्या वांट्यास आलें. चित्रीकरण संपलें तेव्हां ती इतकी खिळखिळी झाली होती, कीं ती भंगारांत गेली अशीच पुढें सर्वांची समजूत झाली. २०१७ च्या आरंभीं ती मेक्सिकोंत सांपडल्याचें जाहीर झालें. तज्ज्ञानें फोर्डच्या नोंदींशीं क्रमांक ताडून पाहिला, उड्यांसाठीं पुढील भागास दिलेली मजबुती तपासली, आणि निर्वाळा दिला. अर्थात् एलिनॉर करण्याचा बेत सोडून देण्यांत आला.

तिच्या बहिणीची हकीकतहि येथें सांगावयास हवी. ५५८ ही १९७४ सालीं एका कुटुंबानें ६,००० डॉलरांस घेतली. १९७७ मध्यें खुद्द मॅक्वीननें पत्र लिहून ती परत मागितली. मालकानें दिली नाहीं. २०१८ च्या जानेवारींत ती डेट्रॉइट येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि २०२० च्या जानेवारींत लिलांवांत दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलरांस गेली. लक्षांत घेण्याजोगें हें, कीं तिला कोणी नवा रंग दिला नव्हता, पत्र्याचे पोंचे काढले नव्हते, कॅमेरे बसविल्याच्या खुणा बुजविल्या नव्हत्या. तीच खूण पुसली असती, तर गाडी राहिली असती आणि साक्षीदार नाहींसा झाला असता.

यावरून नक्कल करणारांस सरसकट दोष द्यावा काय? तसें केल्यास अन्याय होईल. ५५९ ला वांचविलें कोणीं? चित्रपटाचा इतिहास लिहिणारांनीं नव्हे. नकलेसाठीं सांगाडा शोधीत हिंडणाऱ्या मनुष्यानें. त्याची हौस नसती, तर ती तेथेंच गंजून माती झाली असती. उलटपक्षीं या हौसेची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या १९७९ ते १९८५ पर्यंत चाललेल्या दूरचित्रवाणी-मालिकेनें नारिंगी रंगाच्या एका गाडीसाठीं तीनशेंच्या आसपास डॉज चार्जर खर्चीं घातल्या. १९६९ च्या गाड्या पुरेनात, तेव्हां १९६८ च्या गाड्यांची जाळी आणि मागचे दिवे बदलून त्यांना १९६९ च्या बनविलें. त्यांतील प्रत्येकीचें पूर्वचरित्र कोणी विचारलें असेल, असें वाटत नाहीं.

जुन्या देवळाचे चिरे काढून वाड्याच्या पायरीस लावणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याला फक्त चांगला दगड हवा असतो, आणि दगडाच्या पालथ्या बाजूस अक्षरें आहेत कीं काय, हें तो पाहत नाहीं. दात्री मोटारीचें तसेंच आहे. आतां तर फोर्डच्या परवान्यानें १९६७ च्या फास्टबॅकचे कोरे सांगाडे नव्या पत्र्यांत मिळूं लागले आहेत. ज्याला केवळ रूप हवें, त्यानें तो सांगाडा घ्यावा. ज्याला जुनाच पत्रा हवा, त्यानें सबंध, चालती, कागदपत्रांसह मिळणारी गाडी सोडून, जिचें जीर्णोद्धाराचें वय गेलें आहे अशी घ्यावी. आणि कोणतीहि घेतली तरी आकार, साल व गंज या तीन प्रश्नांच्या आधीं चौथा विचारावा: ही कोण? त्याचें उत्तर पत्र्यावर ठोकलेलें असतें, व तें वाचावयास कांहीं मिनिटेंच पुरतात. बहुतेक वेळां तें उत्तर साधेंच निघेल, आणि मग करवत खुशाल चालवावी. परंतु वाचण्यापूर्वीं ती चालविली, तर आपण काय कापलें हें पुढें कोणासहि कळणार नाहीं.