एक प्याला आणि साथ

अल्लीपूरच्या श्रोत्यांना प्याल्याचा प्रश्न फार समजावून सांगावा लागू नये. गावोगावच्या हॉटेलांत काहींच्या कपबश्या बाहेर निराळ्या ठेवल्या जात, हे पुष्कळ वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्यांना खुले केले, तेही याच जिल्ह्यात.

ख्रिस्ती मंडळीत हा प्रश्न थेट उपासनेच्या गाभ्यात येतो. अखेरच्या भोजनात येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली आणि प्याला फिरविला. त्याची आठवण म्हणजे प्रभुभोजन. एका प्याल्याला सर्वांनी ओठ लावावयाचे! पण जात तेथेही शिरली. तामिळ मुलखातील जुन्या मंडळ्यांत उच्चवर्णीय आधी पीत, इतर मागून. कोठे प्यालेच दोन असत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद टाकलाच पाहिजे अशी आज्ञा केली, तेव्हा कित्येक कुटुंबांनी मंडळी सोडली, जात सोडली नाही.

पुढे रोगजंतूंचे शास्त्र आले. १८८२ साली कॉखने क्षयाचा जंतू दाखविला आणि दहाबारा वर्षांतच अमेरिकेत काही मंडळ्यांनी माणशी एक चिमुकला प्याला केला. शास्त्राच्या दृष्टीने त्यात वावगे काय? काहीच नाही. मात्र आपल्या देशात निराळ्या भांड्याचा अर्थ नुसती स्वच्छता असा कधीच नव्हता. एका प्याल्याचा आग्रह धरणाऱ्याला अडाणी म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

२०२० साली कोरोनाने हा वाद पुन्हा उकरला. रोमन कॅथलिकांत सामान्य उपासकाला बहुधा भाकरच मिळते. १४१५ च्या कॉन्स्टन्स परिषदेपासूनची ही वहिवाट. म्हणून त्यांचा तंटा प्रसाद जिभेवर घ्यावा की हातावर, एवढाच. एका पात्रातून प्रसाद देण्याविरुद्धची याचिका केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या आरंभी फेटाळली. इंग्लंडच्या चर्चने मात्र १५४७ च्या कायद्यातील निकडीची सवलत काढून प्याला बाजूला ठेवला. आपल्याकडे मार्चपासून चर्चची दारेच बंद झाली, ती महाराष्ट्रात १६ नोव्हेंबरला उघडली. मधल्या काळात नवाच प्रश्न निघाला: घरची भाकर पुढे ठेवून, मोबाईलवरच्या पाळकाबरोबर ती खाल्ली, तर ते प्रभुभोजन होय काय?

मला ते पटत नाही. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याने काय करावे? करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन जेवून घेत, मजूर उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाने त्यांना झाडून सांगितले की, एकमेकांसाठी थांबा. साथीत सर्वांनीच काही महिने प्याल्यावाचून राहावे, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र नीट वाचले होते असे मला वाटते.