नावाआधीची दोन अक्षरे



मनीषनगरातल्या आमच्या एका गटात मागे एका मावशींचा कर्जाचा अर्ज परत आला. शिलाई मशीन घ्यायची होती. पासबुकावर त्यांचे नाव 'सौ.' लावून छापलेले, एका ओळखपत्रावर 'श्रीमती' आणि दुसऱ्यावर नुसते नाव. बँकेतून सांगितले, नाव जुळत नाही. बैठकीत आम्ही तो अर्ज पुन्हा भरायला घेतला, तर मावशींनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "ताई, आता काय लिहू? यांना जाऊन दीड वर्ष झालं. 'सौ.' लिहिलं तर खोटं, अन् दुसरं लिहायला हात होत नाही."

दोन अक्षरांपायी तीन चकरा झाल्या. त्या दिवशी आम्ही ठरवले की ही अक्षरे आली कुठून, हे शोधायचे. तेच आज तुम्हाला सांगतो.

आपल्याकडे अक्षरे वाचवून लिहायची रीत जुनी आहे. आजोबांच्या पोस्टकार्डावर 'सा. न. वि. वि.' असायचे, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडिलांना 'ती.' म्हणजे तीर्थरूप, मुलाला 'चि.' म्हणजे चिरंजीव. कागद थोडा, मजकूर फार, म्हणून शब्द आखडले. त्याच रांगेत बाईच्या नावाआधी तीन खुणा बसल्या. लग्न झाले नसेल तर 'कु.' म्हणजे कुमारी, नवरा असेल तर 'सौ.' म्हणजे सौभाग्यवती, नवरा गेला की 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. नावे पवित्र नद्यांची, पण लग्नपत्रिकेवर ती दोन अक्षरे दिसली की वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळते. पुरुषाला मात्र 'श्री.' एकच. लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री., बायको गेली तरी श्री.

आम्हाला वाटायचे, हे आपल्याकडेच असेल. पण इंग्रजीतही तसेच निघाले. तिथे बिनलग्नाची ती मिस आणि लग्नाची ती मिसेस. गंमत अशी की हे दोन्ही शब्द एकाच शब्दाचे तुकडे आहेत. तो शब्द मिस्ट्रेस, म्हणजे घरची मालकीण, कारभारीण. मिसेस लिहिताना मध्ये 'आर' येतो, पण बोलताना तो ऐकू येत नाही. तो जुन्या मिस्ट्रेसमधला उरलेला आहे. अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडात प्रतिष्ठित घरची, धंदा चालवणारी बाई लग्नाची असो वा नसो, तिला मिसेसच लिहीत. मान तिच्या कामाचा होता. नवऱ्यावरून ओळखायची वाटणी नंतर पक्की झाली.

मग तिथल्या लोकांनी नवे अक्षर घडवले. १९०१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या एका वर्तमानपत्राने सुचवले की बाई लग्नाची आहे की नाही ठाऊक नसेल, तर फक्त 'एम' आणि 'एस' ही दोन अक्षरे लिहा आणि त्याचा उच्चार 'मिज' करा. कुणी फारसे मनावर घेतले नाही. साठ वर्षांनी शीला मायकल्स नावाच्या कार्यकर्तीने ते पुन्हा उचलले. बाई कुणाची आहे हे न सांगणारा शब्द तिला हवा होता. पुढे न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात तिने तो बोलून दाखवला. तो ऐकणाऱ्या कुणीतरी ग्लोरिया स्टायनम यांच्यापर्यंत पोहोचवला आणि १९७२ साली त्यांच्या मासिकाचे नावच 'मिज' झाले. न्यूयॉर्क टाइम्स या मोठ्या वर्तमानपत्राने तो शब्द घ्यायला १९८६ साल उजाडले. म्हणजे दोन अक्षरे रुजायला पंच्याऐंशी वर्षे लागली. आणि मैत्रिणींनो, त्या वाटेत एक रेडिओही होता, हे आपण लक्षात ठेवू.

आपल्याकडे असा शब्द नव्हता का? होता की. 'बाई'. सावित्रीबाई, रमाबाई, आणि नवरा गेल्यावर राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई. १९४२ च्या जुलैत आपल्या नागपुरात दलित वर्गाच्या महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. नावामागच्या या 'बाई'ने कधी विचारले नाही की घरी कोण आहे.

या अक्षरांचा वाद अजून संपलेला नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी राज्यात 'विधवा' या शब्दाऐवजी 'गं. भा.' वापरण्याचा विचार पुढे आला, तेव्हा कितीतरी महिलांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते, शब्द गोड केला तरी शिक्का राहतोच. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्याच्या कागदपत्रांत आला. म्हणजे कागदावरचे नाव बदलते. बदलायला कुणीतरी मागणी करावी लागते.

आम्ही आमच्यापुरते काय केले, ते सांगतो. गटाच्या हजेरी वहीत आता 'सौ.', 'कु.', 'गं. भा.' काहीच लिहीत नाही. आधी बाईचे नाव आणि पुढे तिने सांगितले ते. दुसरे, प्रत्येकीचे पासबुक, आधार आणि पॅन शेजारी ठेवून नाव अक्षरागणिक ताडून पाहिले. 'सौ.' किंवा 'श्रीमती' हा नावाचा भाग नसतो, पण तो छापला गेला तर पुढे अडतो. म्हणून नवीन खाते उघडताना नुसते नाव लिहा आणि जुन्यात फरक असेल तर कर्जाची गरज पडण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज द्या. हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर कुणाला 'सौ.' लिहायचे असेल तर जरूर लिहावे, तिची हौस आहे. पण वहीत, अर्जात आणि कर्जात सगळ्या सारख्या.

मावशींनी नवा अर्ज नुसत्या नावाने भरला आणि पासबुकही तसेच करून घेतले. मशीन आली. परवा बैठकीत सही करताना त्या हसून म्हणाल्या, "नाव लहान झालं ताई, पण आता पूर्ण माझं आहे."

तुमच्या गटाची वही आज उघडून पाहा. नमस्कार.