शरीरबांधा आणि साडीची निवड

शरीरबांधा आणि साडीची निवड हा वेशभूषेतील एक व्यावहारिक विषय आहे. स्त्रीची उंची आणि तिचे खांदे, छाती, कंबर व नितंब यांचे परस्पर प्रमाण लक्षात घेऊन साडीचा पोत, काठ, नेसण व पोलक्याची बेतणी ठरविणे, असे त्याचे स्वरूप आहे. साडी हे न शिवलेले वस्त्र असल्याने एकच साडी घरातील निरनिराळ्या बांध्यांच्या स्त्रिया नेसू शकतात. शिवलेल्या कपड्यातील मापाचा प्रश्न येथे बहुतांशी निऱ्यांमध्ये सुटतो. उरलेला पोलक्याच्या वाट्याला येतो.

बांध्यांचे प्रकार

शिवणकामाच्या व फॅशनच्या लेखनात साधारणपणे पाच बांधे सांगितले जातात. नितंब खांद्यांहून रुंद असल्यास त्रिकोणी किंवा नासपतीसारखा, खांदे अधिक रुंद असल्यास उलट्या त्रिकोणाचा, खांदे व नितंब सारखे आणि कंबर बारीक असल्यास वाळूच्या घड्याळासारखा, तिन्ही मापांत फारसा फरक नसल्यास आयताकृती, आणि मध्यभाग भरलेला असल्यास गोल बांधा म्हणतात. ही नावे केवळ सोयीची आहेत. उंची व वजन त्यांत येत नाही. बाळंतपणाने आणि वाढत्या वयाने बांधा बदलतो. शिवाय या वर्गीकरणात वाळूच्या घड्याळाचा आकार आदर्श मानून इतर बांधे म्हणजे जणू झाकावयाचे दोष, असे गृहीत धरलेले असते. तो केवळ एका काळाच्या अभिरुचीचा भाग आहे.

स्त्रियांच्या मापांची मोठी पाहणी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये केली. सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी पन्नासहून अधिक मापे घेऊन तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील तयार कपडे दीर्घकाळ परदेशी मापतक्त्यांत फेरफार करून बेतले जात. स्वतंत्र भारतीय तक्ता तयार करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) सहा शहरांत सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला.

लांबी, घेर आणि निऱ्या

सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर, तर नऊवारी सुमारे आठ मीटर लांब असते. समोर निऱ्या आणि डाव्या खांद्यावर पदर ही सहावारीची आज रूढ असलेली नेसण. बंगालमध्ये तिच्या जवळची पद्धत रुजविण्याचे श्रेय ज्ञानदानंदिनी देवी यांना दिले जाते. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या या पत्नीने १८६० च्या दशकात मुंबईच्या वास्तव्यात पारशी स्त्रियांची नेसण पाहून तिच्यात आपल्या सोयीने बदल केले होते.

या नेसणीत कापडाचे साधारण दोन वेढे अंगाभोवती जातात. दोन स्त्रियांच्या घेरात ३० सेंमी फरक असेल, तर स्थूल स्त्रीच्या वेढ्यांत सुमारे ६० सेंमी कापड जास्त जाते. एका निरीला २० ते २५ सेंमी कापड लागते. म्हणजे तिला दोन-तीन निऱ्या कमी मिळतात, चालताना साडी ओढली जाते आणि पदर आखूड होतो. म्हणून रुंद नितंबांच्या स्त्रीने रंगाआधी साडीची लांबी पाहावी. उंच स्त्रीची अडचण पन्ह्याची असते. पन्हा साधारण ११५ सेंमी असल्यास कंबरेत खोचण्यास कापड थोडेच उरते.

पोत, काठ व रेषा

नवी खळ असलेली सुती साडी, ऑर्गन्झा किंवा जरीने भरलेली बनारसी अंगापासून दूर उभी राहते व आकार वाढविते. कृश बांध्याला ती शोभते. शिफॉन व जॉर्जेट अंगाबरोबर उतरतात. स्थूल स्त्रीने जॉर्जेटच नेसावे, हा दुकानांतून नेहमी मिळणारा सल्ला मात्र अर्धाच खरा आहे, कारण फार मऊ कापड पोटाच्या वळ्या जशाच्या तशा दाखविते. धुऊन मऊ झालेली सुती किंवा हलकी रेशमी साडी अशा वेळी अधिक बरी.

पैठणीसारखा रुंद काठ ठेंगण्या स्त्रीच्या पायांकडची बरीच उंची व्यापतो. काठ बारीक आणि पदर चुण्या घालून लावल्यास उभी रेघ तयार होते. त्रिकोणी बांध्यात नक्षीदार पोलके व मोकळा पदर नजर वर नेतात. खांदे रुंद असल्यास उलट करावे, म्हणजे पोलके साधे आणि काठ ठसठशीत.

आडव्या पट्ट्यांनी जाडी वाढते, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते, की आडव्या रेषांनी भरलेला चौरस उभ्या रेषांच्या चौरसापेक्षा उंच व अरुंद भासतो. यॉर्क विद्यापीठातील पीटर थॉम्पसन यांनी २०११ मध्ये सहलेखिकेसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही आडव्या पट्ट्यांनी आकृती जाड दिसत असल्याचे आढळले नाही.

पोलके

जुनी चोळी पुढे गाठ मारून घट्ट-सैल करता येत असे. आजच्या ब्लाउजला ती सोय नाही, म्हणून शिवणीत दोन-तीन सेंमी ‘माया’ ठेवतात व अंग वाढल्यास शिवण उसवून ती सोडतात. भरलेल्या छातीला कटोरी किंवा प्रिन्सेस बेतणी नीट बसते. उतरत्या खांद्यांवर रुंद गळा घसरतो. तेथे पाठीवर नाडी लावतात. बाही दंडाच्या सर्वांत जाड जागी संपल्यास दंड अधिक जाड दिसतो, ती कोपरापर्यंत न्यावी. मुंढा घट्ट झाला, तर मात्र कोणतीही नक्षी उपयोगाची नाही. हात वर करताच पोलके वर चढते.

शिवलेली नऊवारी

लग्नसमारंभांसाठी व नृत्यासाठी शिवलेली नऊवारी आता सर्रास वापरली जाते. ती पायजम्याप्रमाणे चढविता येते, कासोटा सुटत नाही आणि नेसण शिकावी लागत नाही. परंतु ती कंबर व उंची मोजून शिवली जाते, त्यामुळे आईची साडी मुलीला किंवा सासूची सुनेला जशीच्या तशी नेसता येण्याची सोय तिच्यात उरत नाही. काही शिंपी याकरिता कंबरेला नाडी किंवा हुकांच्या दोन-तीन ओळी लावतात.